घनमीटर आणि लहानूची वाटी

२ सप्टेंबर १९३७, गुरुवार

पंप आला एकदाचा. नागपूरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातला. गोंदियापर्यंत रेल्वेने, पुढे बैलबंडीत. जर्मन माल. मालकांनी (मालगुजार साहेबांनी) नारळ फोडला. बाजाराचा दिवस, त्यामुळे अर्धं गाव नाल्यावर.

बेत असा. तलावाचं पाणी पाटाच्या शेवटापर्यंत पोचता पोचता निम्मं जिरतं. शेवटाची आठ एकर धानाची जमीन दरवर्षी रडते. नाल्याचा डोह मात्र तिच्या उशाशीच आहे. तिथे पंप बसवायचा. इंजिन मालकांच्या धानगिरणीचं, ते गुरुवारीच मोकळं, कारण बाजाराच्या दिवशी गिरणी बंद.

मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्टरजी, आप हिसाबवाले हो. कितना पानी देगा, सीधा बताओ."

म्हटलं, उद्या सांगतो. इथेच पहिली चूक.

३ सप्टें., शुक्र.

सांगता आलं नाही. पंपाच्या अंगावर पितळी पट्टी आहे, तिच्यावर ९०० लिटर, दर मिनिट. सोबतच्या पुस्तिकेत ५४, पुढे इंग्रजी एम, एमच्या डोक्यावर बारका तीन, आडवी काडी, मग एच. विकणाऱ्याच्या चिठ्ठीत १५ लिटर, दर सेकंद.

पंप एक, आकडे तीन. ९००, ५४, १५. खरा कोणता?

शाळेत गॅलन शिकवतो, मण-पायली शिकवतो. लिटर एकदाच पाहिलं, मास्तरकी शिकताना, नॉर्मल स्कूलच्या पुस्तकात, मागच्या पानावर. ते पान परीक्षेला नव्हतं.

४ सप्टें.

एच म्हणजे घोडे असावेत असं वाटलं. ५४ घोड्यांचा पंप! मालकांना सांगणारही होतो. गिरणीचा मिस्त्री हसला. "मास्टरजी, चौवन घोड़े होते तो पूरा नाला उठके चला जाता." माझा चेहरा पडला. निदान मालकांपुढे पडला नाही.

५ सप्टें., रवि.

बाईकडे जेवलो. ती माझी थोरली बहीण, या गावात दिली म्हणून तर ही शाळा मागून घेतली मी. तिचं शेत पाटाच्या अगदी टोकाला, त्याच्या पलीकडे जंगल. भाऊजी तेंदूपत्त्याच्या गोदामावर कामाला असतात, शेत तीच पाहते. म्हणाली, "होईल का रे पाणी मायापर्यंत? खरं सांग. धान निसवायच्या बेतात आहे. आता पाणी नाही भेटलं तर नुसती तणस कापावी लागंल, दाणा नाही."

म्हटलं, आकडा काढतोय.

"काढ ना मग. कायले उशीर करून राहिला?"

६ सप्टें.

पेटी उपसली. तळाशी ते पुस्तक सापडलं, मागचं पान वाळवीने कुरतडलेलं, पण वाचता येतं. एम म्हणजे मीटर, साडेएकोणचाळीस इंचांहून जरासा कमी. डोक्यावरचा तीन म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्ही एकेक मीटर. त्याला घनमीटर म्हणायचं. त्यात हजार लिटर मावतात. एच म्हणजे तास.

मग ९०० ला हजाराने भागायचं की गुणायचं? साठाने कधी? दोनदा गुणलं, पाच कोटी चाळीस लाख आले. एवढं पाणी गोदावरीत असेल. पाटी पुसली.

७ सप्टें.

डोक्यात शिरत नाही तर डोळ्यांनी पाहावं. डोहाच्या काठी एक घनमीटरचा खड्डा खणायला घेतला. सुताराकडून मीटरभराची काठी करून घेतली. चिकणमाती आणि शेणाने आतून लिंपायचा, म्हणजे जिरणार नाही.

लहानू पाणकर येऊन उभा राहिला. तलावाच्या मोरीचं (बांधातल्या दाराचं) पाणी वाटायचं काम त्याच्या घराण्यात, चाळीसेक वर्षं तो स्वतः करतो. बराच वेळ पाहिलं, मग म्हणाला, "कोणी मेलं का जी मास्तर?"

म्हटलं, पाणी मोजायला खणतोय.

"पानी खड्ड्यात नाही मोजत जी. पानी येळात मोजते."

८ सप्टें.

जमलं! लिहून ठेवतो, पुन्हा विसरायला नको.

सेकंदाला १५ लि. मिनिटात साठ सेकंद, १५ × ६० = ९००. ही झाली पितळी पट्टी. तासात साठ मिनिटं, ९०० × ६० = ५४,००० लि. हजार लिटरचा एक घ.मी., म्हणजे ५४ घ.मी. ही पुस्तिका.

तिन्ही आकडे एकच! कोणी कोणाला फसवलेलं नाही. एकाने सेकंद धरला, एकाने मिनिट, एकाने तास. वहाणा न घालताच मालकांकडे निघालो होतो, अर्ध्या वाटेवरून परतलो.

९ सप्टें., गुरु.

पंप चालू, चाचणीपुरता. खड्डा भरायला ६७ सेकंद लागायला हवेत (१००० भागिले १५). मालकांच्या खिशातलं घड्याळ मागून घेतलं. पाणी काठाला लागलं तेव्हा ६८. एका सेकंदाचा फरक!

गावाने टाळ्या वाजवल्या. त्यांना काय कळलं देव जाणे, पण मला फार बरं वाटलं. मालक म्हणाले, "मान गये." बाई नुसती हसत होती, पदर तोंडाला लावून.

१० सप्टें.

आता खरा सवाल. आठ एकर, दोन इंच पाणी. एकराचे चार हजार सत्तेचाळीस चौरस मीटर, दोन इंच म्हणजे वीतभराचा चौथा हिस्सा, पाच सेंटिमीटर. गुणाकार १६२० घ.मी. एका पाण्याला एवढं लागतं.

हे सांगितलं तर लहानू म्हणतो, "थे घनमीटर मले नोका सांगू जी. घटकेत सांगा. वाटीच्या किती घटका?"

त्याची तांब्याची वाटी, बुडाला भोक. घंगाळात तरंगत ठेवायची, भरून बुडाली की एक घटका. मोरीच्या सगळ्या पाळ्या तिच्यावर. गावाला घड्याळ चालत नाही, वाटी चालते.

शाळेच्या भिंतीवर खडूने तिथल्या तिथे करून दाखवलं. मिनिटाचं ९०० लिटर. साठाने गुणलं की ५४ घ.मी., ही झाली घटका. १६२० भागिले ५४, तीस घटका. बरोबर तीस! सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतच्या तीस. गुरुवारचा एक दिवस, ना कमी ना जास्त.

लहानूने भिंतीकडे पाहून मान डोलावली. "तीस म्हनता, मंग पुरते जी."

असा हिशेब आयुष्यात एकदाच सुटतो.

१२ सप्टें., रवि.

आज ओंजळ झाली.

इथली रीत अशी, पाण्याची पाळी दुसऱ्याला द्यायची तर मोरीजवळच्या देवीपुढे ओंजळभर पाणी पाटात सोडायचं. सोडली की धान घरी येईपर्यंत परत मागायची नाही. आठ एकरवाल्या शेवटच्या बारा घरांची तलावावरची आठवड्याला चाळीस घटका पाळी होती, ती वरच्यांनी, म्हणजे पाटाच्या तोंडाशी शेतं असलेल्यांनी, मागितली. दशरथ त्यांच्या वतीने बोलला, "तुमाले तं आता मसीन भेटली. आमचं धान कायले वाळवता?" बोलणं चुकीचं नव्हतं.

बारा घरं माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, तीस घटकांत आठ एकर भिजतं, माझी जबाबदारी.

पहिली ओंजळ बाईने सोडली. तिने सोडली म्हणून बाकीच्यांनी.

१६ सप्टें., गुरु.

पंपाचा पहिला दिवस. सूर्योदयाला सुरू. मध्ये फक्त पट्टा घट्ट करायला थांबला, तोही थोडा वेळ.

सूर्य मावळला तेव्हा तीन एकर आणि वर थोडं भिजलं होतं. बाईच्या बांधीत (धानाच्या वाफ्यात) पाय कोरडे.

काहीतरी चुकलं. काय ते कळत नाही.

१७ सप्टें.

खेकड्यांची बिळं. बांधांना जागोजागी आहेत, पाणी त्यातून गेलं असणार. सगळ्या बारा घरांना बिळं बुजवायला लावली. मीही बुजवली. एका खेकड्याने अंगठा धरला.

१९ सप्टें.

मिस्त्री म्हणतो इंजिन ठीक. मी म्हणतो पट्टा घसरतो. तो म्हणतो, "मास्टरजी, मशीन झूठ नहीं बोलती." म्हणजे मी बोलतो? त्याच्याशी बोलणं सोडलं. मग पट्ट्याला राळ लावायची होती म्हणून पुन्हा बोललो.

२१ सप्टें.

जमीन तापलेली, पहिलं पाणी जास्त पीत असेल. हे मनाला पटलं. रात्री झोप लागली.

२३ सप्टें., गुरु.

दुसरा दिवस पंपाचा. दिवसभर डोहावर बसलो. खड्डा उपसून पुन्हा भरवला, ६८ सेकंद. पंप खरा. शेतं मोजली, आठ एकर. शेतं खरी. बिळं नाहीत, पट्टा घसरत नाही. गुणाकार सात वेळा केला, १६२०. भागाकार, तीस.

संध्याकाळी पुन्हा तीन एकर आणि वर थोडं.

सगळं खरं आणि उत्तर खोटं, हे होतंच कसं?  बाईकडे जेवायला गेलो नाही. तिने भाकर पाठवली, मिरचीच्या ठेच्याबरोबर. ती खाताना फार लाज वाटली.

२५ सप्टें., शनि.

सापडलं.

दुसरीच्या मुलांना काळाचं कोष्टक म्हणायला लावलं होतं, मी खिडकीतून आभाळ पाहत होतो. पोरं ओरडत होती, साठ पळांची घटका, अडीच घटकांचा तास. अडीच घटकांचा तास. हातातला खडू गळून पडला.

मिनिटं साठ झाली की तास होतो. पळं साठ झाली की घटका. मी मिनिटं घेतली, साठाने गुणली आणि तिला घटका म्हटलं. ५४ घ.मी. तासाचं होतं. घटकेला येतं २१ आणि वर थोडं. तीस घटका नव्हेत, पंच्याहत्तर लागतात. म्हणजे अडीच दिवस. मिळतो एक.

जर्मनांचे तिन्ही आकडे बरोबर जुळवले आणि घरच्या साठात बुडालो. लहानपणी दोन्ही कोष्टकं एका दमात म्हणायचो, साठ साठ साठ. तोंडाला सवय होती, डोक्याने पाहिलंच नाही.

मुलांना सुट्टी दिली. त्यांना फार आनंद झाला.

२६ सप्टें., रवि.

बाईला सांगितलं. ती निंदणात होती. बांधावर बसून सगळं सांगितलं, मिनिट, पळ, तास.  मग म्हणाली, "साठ पळाची घटका थे मीनंच शिकवलं होतं तुले. तुई शाळा सुरू व्हायच्या पहिले. चुलीपाशी."

खरं आहे. तिला शाळेत घातलं नाही. पंतोजींच्या पडवीबाहेर उभी राहून ऐकायची आणि घरी येऊन मला पाठ करून घ्यायची.

"मी कायले ओंजळ सोडली, ठाऊक आहे?" म्हणाली. "तुया आकडा मले समजला म्हणून नाही. तू म्हणाला म्हणून."

रडलो मी, बांधावर, दिवसाढवळ्या. ती पुन्हा निंदायला लागली.

२७ सप्टें.

हस्त लागला. आभाळ कोरडं ठाक.

मालकांकडे सगळ्यांना बोलावलं आणि उभं राहून चूक सांगितली. मालक म्हणाले, मशीन बरोबर, गुरुवारशिवाय देता येत नाही, गिरणीचं धान तुंबलंय. मग दशरथकडे वळलो. म्हटलं, पाळीतली निम्मी तरी परत द्या.

दशरथ कठोर माणूस नाही. मान खाली घालून म्हणाला, "मास्तर, चूक तुमची होय, देवीची नोहे. ओंजळ सोडली तं सोडली. आज मी वापस देईन, उद्या गावात कोनाची ओंजळ खरी राहील?"

 त्याचं म्हणणं खरं आहे, आणि बाईचं धान वाळतंय, तेही खरं आहे. दोन्ही एकदम डोक्यात ठेवता येत नाही.

२९ सप्टें., बुध.

शाळा सुटल्यावर लहानू आला, धोतराच्या सोग्यात वाटी बांधून. ओट्यावर ठेवली, बाजूला बाभळीचा बारीक काटा ठेवला.

म्हणाला, "हस्तात वाटीचं भोक साफ कराची रीत आहे जी. गाळ बसते, भोक बारीक होते. दरसाल मीच करतो. आता डोया नाही राहिला. शुक्रवारी सूर्य उगवाच्या पहिले मोरीवर पाहिजे."

म्हटलं, किती साफ करायचं?

"थे तुमी पाहा. तुमी हिशेबवाले."

दशरथला ठाऊक आहे का विचारलं. "वाटी मास्तरकडे दिली म्हून सांगतलं. तो म्हने, बरं."

तो गेला. मालकांचं घड्याळ अजून माझ्याकडेच आहे. वाटी पाण्यात ठेवली. बुडायला २६ मिनिटं. चोवीस हवीत (साठ भागिले अडीच). म्हणजे गाळ खरंच आहे, आणि वरच्यांना घटकेमागे दोन मिनिटं फुकट मिळतात.

३० सप्टें., गुरु.

पंप चालू आहे. मी गेलो नाही. आज बाजार, शाळा बंद. घंगाळ घेऊन ओट्यावर बसलो.

हिशेब मांडला, या वेळी पाटीवर एका बाजूला तास आणि एका बाजूला घटका, मध्ये जाड रेघ. वरच्यांच्या, ओंजळीने मिळालेल्या चाळीस धरून, सगळ्या मिळून १६५ घटका. वाटी सव्विसाला बुडते तेव्हा त्यांतच शुक्रवार ते बुधवार सहा दिवस संपतात. (अंधारात आणि बाजाराच्या गुरुवारी मोरी बंद.) पाळ्या संपल्यावर बुधवारी सूर्यास्तापर्यंत जे पाणी उरेल ते पाणकराच्या हातात, त्याने कुठेही सोडावं, ही जुनी रीत. कित्येक वर्षांत काही उरलंच नव्हतं.

चोवीस केली तर बुधवारी दुपारपासून संध्याकाळपर्यंत पाणी उरतं. पंपाचं धरून बारापैकी नऊ घरं भिजतात. टोकाची तीन राहतात. बाईचं राहतं.

बावीस केली तर बाईपर्यंत पोचतं.

काट्याने गाळ काढला. हळूहळू, चार वेळा बुडवून पाहिली. पंचवीस. साडेचोवीस. पुन्हा साडेचोवीस. मग चोवीस, बरोबर. भोकाची कड तांब्याची आहे, स्वच्छ, चकचकीत. गाळ उरला नाही. काट्याने आता पुढे काही होणार नाही, भोक मोठं करायला लोखंड लागेल.

पेटीत दाभण आहे, वह्या शिवायची.

चार वाजता बाई आली, बाजारातून. ओट्यावर टेकली, पाणी प्यायली. घंगाळातली वाटी पाहिली, घड्याळ पाहिलं, दाभणही पाहिली. ती पेटीतून कधी काढली मला आठवत नाही. विचारलं तिला, बाई, काय करू?

म्हणाली, "मले नोको विचारू. या डाव तरी मले नोको विचारू." आणि पिशवीतले चणे माझ्यापुढे ठेवून गेली.

ऊन उतरलं. पंपाचा आवाज थांबला, म्हणजे तीन एकर आणि वर थोडं झालं. वाटी पुन्हा पाण्यात ठेवली आहे. तरंगते आहे. ही बुडेपर्यंत लिहितो.

अठरा मिनिटं झाली. दाभण उजव्या हातात आहे, म्हणून हे डाव्या हाताने लिहितो आहे. वाटी अजून चोवीसचीच आहे, बुडाली की ठरवायचं.